मुद्देमालाची शिवण

दामा,

परवा खाडीच्या काठावर तुला अग्नी दिला तेव्हा मी अगदी मागे, बाभळीपाशी उभा होतो. तुझ्या भावकीतल्यांनी दोनदा हाताने खुणावलं, पुढे ये म्हणून, पण पाय उचलेना. माझ्या मागे दोघं जण बोलत होते. कोण होते ठाऊक नाही, सेक्टरातले असावेत, पायात चांगले बूट होते. एक म्हणाला, "हाच ना तो, कंपनीतल्या पितळेच्या केसवाला?" दुसरा म्हणाला, "हो, पण सुटला होता." त्यावर पहिला म्हणाला, "सुटला कसला, संशयाचा फायदा मिळाला त्याला." मग दोघं त्यांच्या बिल्डिंगीला पाणी किती वाजता येतं यावर बोलायला लागले.

मी मागे वळलो. खरंच वळलो, दामा. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "जरा सरका, ऊन लागतंय." ते सरकले.

एवढंच जमलं मला. दहा वर्षांत यापेक्षा जास्त कधी जमलेलं नाही. म्हणून आज दुकानाची फळी लावून आत बसलोय आणि मापाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. याच वहीत पुढे तुझी मापं आहेत. छाती अडतीस, कंबर बत्तीस, ही केसच्या आधीची. त्याखाली छाती चौतीस, ती तुरुंगातून आल्यावरची. मी नवं माप लिहिलं आणि जुनं खोडलं नाही. का खोडलं नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं.

मी रत्नागिरीकडचा. परळच्या एका दुकानात काजं-बटणं करत हात बसवला आणि तिथून कोपरखैरण्यात आलो. तेव्हा इथे टाऊनशिपच्या नुसत्या चुन्याच्या फक्क्या मारलेल्या होत्या. तुझी जमीन सरकारने घेतली होती आणि तिच्या बदल्यात तू कंपनीत स्टोअरचा हेल्पर लागला होतास. मला रस्त्यावर, चौकीच्या समोर टपरी टाकायची होती. ओळख ना पाळख, तू खांद्यावरून चार बांबू आणि दोन पत्रे घेऊन आलास आणि माझ्यावरच खेकसलास. "मास्तर, दार तिकडं नको ठेवू. खाडीचा वारा हाय. लोकांच्या चड्ड्या उडतील आनि भांडनं तू सोडवशील." दार फिरवलं. अजून त्याच तोंडाला आहे. त्या दिवशी तू मला घरी जेवायला नेलंस. माझी जात तू विचारली नाहीस, आणि पुढेही कधी नाही. माझ्या बापाला त्याच्या गावात कोणाच्या अंगणात बसू देत नव्हते, आणि तुझ्या अंगणात यमुनावहिनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा कालवण वाढत होत्या. हे मी विसरलो होतो असं नाही. लक्षात ठेवून केलं मी जे केलं ते.

आता पंचाचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा सरळ सांगू दे. दरवेळी मी त्याला वळसा घातलाय.

चौकी समोरच, आणि तिथल्या हवालदाराची खाकी मीच शिवायचो. पोलिसांनी काही जप्त केलं की ती वस्तू मुद्देमाल होते. ती कापडात शिवून वर लाखेचं सील मारायचं आणि दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची. शिवायचं म्हटलं की समोर शिंपी. आणि शिंपी आलाच आहे तर पंचही तोच. हवालदार हाक मारायचा, "मास्तर, सुई-दोरा घेऊन या." मी मांजरपाटाच्या तुकड्यात वस्तू घालायचो, दाभणाने तोंड शिवायचो आणि सही करायचो. पहिली एक-दोन वेळा खरंच माझ्यासमोर जप्ती झाली. पुढे पुढे वस्तू चौकीत आधीच आलेली असायची. मी विचारायचो नाही. आठ-दहा पंचनामे झाले असतील असे.

आणि का विचारायचो नाही, तेही सांगतो. टपरीला परवाना नव्हता, हे एक. पण खरं कारण ते नाही. पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असायचं, 'खालील दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. माझं नाव, बापाचं नाव, धंदा शिवणकाम, आणि वर 'प्रतिष्ठित'. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती हसली, पण तिलाही बरं वाटलं. सरकारी कागदावर आमच्या घरातल्या कोणाला कोणी असं कधी लिहिलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी कागद न वाचता सह्या करत गेलो.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मे संपत आला होता आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्या उरावर होता. दुपारी बाराच्या सुमाराला हवालदार स्वतः रस्ता ओलांडून आला. कागदात गुंडाळलेले तीन पितळी कॉक, पाइपाला लावायच्या तोट्या, त्याने मशीनवर ठेवले. "मास्तर, एवढं शिवून टाका पटकन." मला चौकीत जायला वेळ नव्हता, दाभण शोधायलाही वेळ नव्हता. मी पिशवी जरा लांब कापली, तीन बाजू मशीनवर मारल्या, कॉक आत सोडले आणि तोंडही मशीनवरच मारून टाकलं. सवयीने शेवटाला उलटसुलट टीप घालून पक्कं केलं. दोन मिनिटांचं काम. कोणाची केस, काय केस, मी विचारलं नाही. परत गणवेशाला लागलो.

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. मी मशीनवरून न उठता सही केली. चष्माही डोळ्यांवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी यमुनावहिनी दुकानात आल्या. पदर तोंडाला लावलेला. म्हणाल्या, "मास्तर, यांना उचलला. कंपनीतला पितळ चोरला बोलतान. सांच्याला पोलीस आले, अंगनात उभे राह्यले, लाकडं उसकली आनि गेले. आनि आता बोलतान, माल घावला."

मी विचारलं, "कसला माल?"

"पितळाचे कॉक. तीन."

दामा, त्या वेळी माझ्या पायाखाली मशीनचं पायडल होतं. ते मी हलवायला लागलो. काही शिवत नव्हतो, नुसतं चाक फिरत होतं. वहिनी बोलत होत्या आणि मी मान हलवत होतो. मग म्हणालो, "बघू, काहीतरी होईल." त्यांना वाटलं मी धीर देतोय.

पंचनाम्यात काय होतं ते मला नंतर कळलं. आरोपीने पंचांसमक्ष सांगितलं की चला, माल दाखवतो. मग आरोपी पुढे, आणि पोलीस व पंच मागे, असे सगळे त्याच्या घरी गेले. त्याने अंगणातल्या लाकडांच्या ढिगाखालून तीन कॉक काढून दिले. ते तिथेच, अंगणात, पंचांसमक्ष कापडात शिवून सील केले. वेळ सायंकाळी पाच ते सहा. पाच ते सहा मी पाचवीच्या पोरांच्या हाफपँटींना नाड्या ओवत होतो.

हा कायदा हवालदारानेच मला एकदा हौसेने समजावला होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मारून वदवून घेतील म्हणून कायद्यानेच ती बाद करून टाकलीय. पण आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू निघाली, तर तेवढं बोलणं चालतं. मग वस्तू खरंच निघाली का, हे बघायला बाहेरची दोन माणसं. पोलीस एकीकडे, धरलेला माणूस एकीकडे, आणि मधे ही दोन माणसं, बाकी कोणी नाही. त्यांतला एक मी होतो आणि मी जागेवर नव्हतो.

तुला का धरलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. जमिनी गेलेल्यांना कायम करा म्हणून तू साहेबांच्या केबिनबाहेर चार वेळा उभा राहिला होतास. स्टोअरमध्ये पितळ कमी भरलं आणि नाव तुझं आलं. जामीन मिळायला हवा होता, तसा मिळालाही. पण जामीनदार हवा आणि त्याचा सातबारा हवा. तुझा सातबारा सरकारने घेतलेला. तुझ्या भावाचा, चुलत्याचा, सगळ्या पाड्याचा घेतलेला. तू आठ महिने ठाण्याच्या तुरुंगात राहिलास, गुन्हा शाबीत न होता. शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष असतो म्हणतात. तू निर्दोषच होतास, आणि आठ महिने आत होतास.

त्या आठ महिन्यांत मी तुला दोनदा भेटायला आलो. जाळीपलीकडून तू माझ्या धंद्याची चौकशी केलीस. बायकोला कितवा महिना ते विचारलंस. "पैली हाय, जपून," म्हणालास. पंचनाम्यावर माझी सही आहे हे तुला तोवर वकिलाने सांगितलेलं असणार. तू विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. दोन्ही वेळा मी ठरवून आलो होतो की सांगायचं. पहिल्या वेळी गर्दी होती. दुसऱ्या वेळी नव्हती.

आता कोर्ट.

माझ्या आधी दुसऱ्या पंचाची साक्ष झाली. कोपऱ्यावरचा पानवाला. त्याच्याबद्दल मी तुझ्याजवळ काय काय बोललोय, पितो, जुगार खेळतो, भरवसा नाही. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "साहेब, सही माजी हाय. पन मी कुटं गेलो नाय, काय बगितला नाय. चौकीवर सही केली." सरकारी वकील उठले आणि म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे. तसं लिहून घेतलं गेलं. खरं बोलला तो फितूर. मग माझं नाव पुकारलं.

मी देवाची शपथ घेत नाही म्हणून प्रतिज्ञेवर खरं सांगेन म्हणालो. बायको बारा दिवसांची बाळंतीण होती. सकाळी निघताना हवालदार टपरीशी येऊन उभा राहिला होता. तो काही वाईट बोलला नाही. फक्त म्हणाला, "मास्तर, तुम्ही आधी सही केलीय. आता वेगळं बोललात तर खोटा कागद केल्याबद्दल तुमच्यावरच येईल. पोरीचा बाप झालात ना?" मला भीती वाटली. भीती वाटली हे मी माफीसाठी लिहीत नाही. पानवाल्यालाही बायको-पोरं होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी पंचनाम्याप्रमाणे सांगत गेलो. पाठ केल्यासारखं आलं. मग तुझा वकील उठला, सरकारने दिलेला तो नवा मुलगा, ज्याच्या काळ्या कोटाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या. मी कोटाकडेच बघत होतो. तो म्हणाला, "पुडकं कुठे शिवलं?"

"आरोपीच्या अंगणात."

"कोणी शिवलं?"

"मी."

"कशाने?"

मी म्हणालो, "सुईने. हाताने."

मग कारकुनाने ते पुडकं टेबलावर आणलं. "हेच का ते?" मी हो म्हणालो. चिठ्ठीवरची सही माझी का, हो म्हणालो. कारकुनाने ब्लेड घेऊन एक बाजू उसवायला घेतली. पटकन उसवेना. दाभणाचा मोठा टाका असता तर दोन ओढीत सुटला असता. ती मशीनची बारीक टीप होती, एका रेषेत, कोपऱ्याला उलटसुलट मारून पक्की केलेली. माझ्याच हातचं चांगलं काम मला तिथे पकडून देणार होतं. मॅजिस्ट्रेट साहेब बघत होते, दोन्ही वकील बघत होते, हवालदार बघत होता. शिकली-सवरलेली सगळी माणसं, सगळ्यांच्या अंगावर शिवलेले कपडे, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की मशीन डोक्यावर घेऊन कोणी कोणाच्या अंगणात पंचनाम्याला जात नाही.

तू मात्र पिंजऱ्यातून पुढे वाकलास. माझ्या टपरीत स्टुलावर बसून तू वर्षानुवर्षं माझं मशीन बघितलं होतंस. तू त्या पुडक्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. वकील तुझ्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आणखी काही विचारायचं?" तू नाही म्हणून मान हलवलीस.

मला वाटलं तुला काही कळलं नाही. खरं म्हणजे तसं वाटावं म्हणून मी धडपडलो. तो दमलाय, आठ महिन्यांनी बाहेरचा उजेड बघतोय, त्याला कुठलं शिवणीचं भान, असं मी स्वतःला एसटीत ठाण्यापासून कोपरखैरण्यापर्यंत सांगत आलो.

निकालाच्या दिवशी साहेबांनी वाचून दाखवलं. दोन पंचांच्या जबाबांत मेळ नाही, सबब संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. वहिनींनी हात जोडले. मीही जोडले, आणि मनातल्या मनात म्हणालो, सुटलो. तू सुटलास असं नाही, मी सुटलो असं म्हणालो. तू तिथेच उभा. वकिलाला विचारलंस, "म्हंजे मी चोरी केली नाय, असा लिवलाय का?"

तो म्हणाला, "तसं लिहीत नाहीत हो. सिद्ध झाली नाही असं लिहितात. तुम्ही सुटलात, महत्त्वाचं ते."

"पन मी केली नाय."

"काका, आता घरी चला."

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. तुला वाचायला अडायचं, म्हणून ते पत्र तू माझ्याकडेच आणलंस. मी मशीनवर ठेवून वाचलं. आपण निर्दोष ठरलेले नसून संशयाचा फायदा मिळाल्याने सुटलेले आहात, सबब आपणांस कामावर घेता येत नाही. तू म्हणालास, "आनखी एकदा वाच." मी आणखी एकदा वाचलं. माझ्या तोंडून तुझी नोकरी गेली, दोनदा.

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते दहा वर्षं संपलं नाही. मी म्हणायचो, "अरे, सुटलास ना? बास की. कोर्टाच्या भाषेला काय घेऊन बसलास." तू म्हणायचास, "मी सुटलो नाय, मास्तर. मना सोडला." मी चिडायचो. खरंच चिडायचो, ग्राहकांसमोर सुद्धा. एकदा तर म्हणालो, "कायदा आरोपीच्या बाजूने झुकलाय म्हणून तर घरी बसलायस, नाहीतर सक्तमजुरी झाली असती." तू शांतपणे विचारलंस, "सरकार हरला तर वरच्या कोर्टात जाता येतं. मी जितलो तरी मना जाता येत नाय. मी कुटं जाऊन बोलू का मना नीट जितवा?" मी सुईत दोरा ओवायला घेतला. उत्तर माझ्याकडेच होतं. तुला कुठे जायची गरजच नव्हती, मीच एकदा ठाण्याला जाऊन बोलायला हवं होतं.

कंपनी सुटली, दुसरीकडे कुठे घेईनात. चोरीच्या केसमधल्या माणसाला वॉचमन तरी कोण ठेवतो? तू परत खाडीत उतरलास, चिंबोऱ्या धरायला. सकाळी विकून अकराच्या सुमाराला माझ्याकडे यायचास. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. माझ्या पोरीसाठी वेगळी काढून ठेवलेली एक मोठी चिंबोरी, नांग्या सुतळीने बांधलेली. पोरगी तुला दामाकाका म्हणायची आणि तुझ्या गुडघ्याचा चिखल खरवडायची. स्टुलावर बसून तू मला पेपर वाचायला लावायचास, त्यातही कोर्टाच्या बातम्या. जामीन, रिमांड, अपील, सगळं तुला पाठ झालं होतं. फितूर साक्षीदार असं पेपरात आलं की तू म्हणायचास, "यो खरा बोलला असंल." आणि माझी थट्टा करायचास, "प्रतिष्ठित मास्तर, च्या मागव." मी चहा मागवायचो. तुझं नुसतं येणं मला जड व्हायचं आणि तू नाही आलास की दिवस जायचा नाही. हे दोन्ही खरं आहे.

आणि उठताना, रोज, टॉवेल खांद्यावर टाकून तू तेच विचारायचास. "मग? आनखी काय, मास्तर?"

मी म्हणायचो, "काही नाही."

मला वाटायचं ही तुझी बोलायची सवय. इथे सगळेच म्हणतात तसं.

मी दर रविवारी विहारात जातो हे तुला माहीत आहे. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात तिथे, माझा आवाज खाली जातो. बायकोच्या हे लक्षात आलं होतं. तिला वाटायचं माझा घसा खराब आहे. ज्येष्ठमध देते ती मला.

गेल्या महिन्यात तुला ठाण्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी आलो तेव्हा तुझ्या सदऱ्याचं बटण निघालेलं होतं. मी खिशातून सुई काढली, सवयच आहे. तू म्हणालास, "शिव. हातानं शिव, मास्तर. मशीन काय इथं यायचा नाय." आणि हसलास. खोकला लागेपर्यंत हसलास. सुई माझ्या बोटात गेली. मी बोट तोंडात घातलं आणि खाली मान घालून टाके घालत राहिलो. तुला ठाऊक आहे, हे मला त्या क्षणी कळलं. कळून मी काय केलं? दोरा तोडला. तू म्हणालास, "आनखी काय, मास्तर?" मी म्हणालो, "काही नाही रे. तू बरा हो आधी." तू भिंतीकडे तोंड केलंस. ती आपली शेवटची भेट.

काल दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात बसल्या होत्या, लाकडांचा ढीग होता त्याच कोपऱ्यात. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बारा वाजता, मशीनवर, सही, कोर्टातली सुई, सगळं. मला वाटलं होतं त्या मला हाकलतील. मला तेच हवं होतं बहुतेक.

त्या म्हणाल्या, "मना ठाव हाय, मास्तर."

मी विचारलं, "कधीपासून?"

"निकाल लागून घरी आले त्याच दिशी मना बोलले. पुडक्याला मशीनचे टीपा व्हते. मास्तर सुई बोलला."

"मग वकिलाला का नाही सांगितलं? एक शब्द बोलला असता तर स्वच्छ सुटला असता. नोकरी राहिली असती."

"मी बी तेच बोलले. तं बोलले, मास्तरच्या घरान बारा दिसांची बाळंतीन हाय. खोटी साक्ष निंगाली तं मास्तर आत जाईल. आत काय असतं मी बगून आलोय."

मी विचारलं, "आणि नंतर? पोरगी मोठी झाली. दहा वर्षं झाली. नंतर का नाही विचारलं मला?"

वहिनी म्हणाल्या, "इचारायचा कशाला? त्यांना तुमी आपनहून बोलायला पायजे होता. रोज यायचे ना तुमच्याकडं. घरी आले का मी इचारायची, बोलला का मास्तर? तं बोलायचे, आज नाय बोलला."

दामा, मी हिशोबाने चालणारा माणूस, मापात राहणारा. मी समजत होतो की तू चहाला येतोस, पेपर ऐकायला येतोस, पोरीसाठी येतोस. मी तुला चहा पाजून तुझ्यावर थोडे उपकार करतोय असंही मला कधी कधी वाटलंय, लाज सोडून सांगतो. तू मला रोज एक संधी द्यायला येत होतास. ज्या कोर्टात तुझ्यावर खटला चालला तिथे तुला एक तारीख मिळायला दोन-दोन महिने लागले. तू मला दहा वर्षं रोजची तारीख दिलीस आणि मी रोज चहा मागवला.

उठताना मी वहिनींच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "माज्या एकलीला सांगून काय उपेग? बाराव्याला मानसं येतील, पाड्यातली, कंपनीतली, सगली. तवा बोला. हितंच, या अंगनान उभं राहून बोला." मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. त्यात त्यांची चूक नाही.

काल संध्याकाळी पोरीने विचारलं, "बाबा, दामाकाका चोर होते का? शाळेत एक मुलगी म्हणाली." मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग कोर्टात सांगितलं का नाही कोणी?" मी तिला म्हणालो, बाराव्याला माझ्याबरोबर चल, तिथे ऐक. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. ती तिथेच ऐकेल. पानवाल्यालाही बोलावणं धाडलंय. तो यायचा म्हणाला.

बाराव्याला काय होईल मला ठाऊक नाही. लोक थुंकतील, कोणी पोलिसांत जाईल, किंवा कोणी काहीच बोलणार नाही आणि मला त्या गर्दीत पत्रावळीवर जेवायला बसवतील. तेच सगळ्यात कठीण जाईल. पण ते लोकांसाठी. माझ्यासमोर तेव्हाही तू नसणार. म्हणून अकरा वाजले तशी फळी आतून लावली, स्टूल मशीनच्या समोर ठेवलं. तू विचारायचास ते यावेळी मी स्वतःशीच म्हणालो. आणखी काय, मास्तर?

आणखी हे, दामा. त्या दिवशी मी तुझ्या अंगणात आलोच नव्हतो. ते पुडकं मी दुपारी बारा वाजता, इथे, या मशीनवर शिवलं. तू चोरी केली नाहीस. मला ठाऊक होतं.